रिकामी खाच

परिग्रहाचं परिमाण घ्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, यादी करायला एक दुपार पुरेल. २००८ सालचा चातुर्मास. आमच्या बस्तीत माताजींचा मुक्काम होता. त्यांच्यापुढे हात जोडून म्हटलं, "माताजी, मला परिमाण-व्रत द्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "देते की. पण आधी घरात काय काय आहे ते लिहून आण. आहे काय तेच ठाऊक नसेल, तर सोडणार काय आणि ठेवणार काय?"

घरी येऊन जुन्या डायरीची कोरी पानं काढली. शास्त्रात बाह्य परिग्रह दहा प्रकारचा सांगितला आहे: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. मी दहा रकाने आखले. क्षेत्राचा रकाना रिकामा, शेत मामंजींच्या हयातीतच विकलं गेलं होतं. वास्तू एक. सोनं मोजकं. दासी-दासांच्या रकान्याशी पेन थांबलं. धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंना दासी म्हणायची माझी छाती नाही. त्या आल्या नाहीत की मीच त्या घराची दासी होते. कुप्यात लुगडी-चादरी लिहिल्या. भांड म्हणजे भांडीकुंडी. तिथं मात्र दुपारची संध्याकाळ झाली. लग्नात आलेले, कधीच न वापरलेले स्टीलचे पेलेच अठ्ठेचाळीस निघाले.

शेवटी माडीवरच्या खोलीत गेले. तिथं चादरीखाली झाकलेला ह्यांचा कॉम्प्युटर होता. चादर दर महिन्याला धुऊन मी परत तशीच घालत होते. आठ वर्षं. त्याला कुठल्या रकान्यात घालावं कळेना. भांड म्हणावं तर त्याचा उपयोग नाही. धन म्हणावं तर भंगारवालाही त्याचे धड पैसे देणार नाही. मी तो यादीत लिहिलाच नाही. मनाशी म्हटलं, ही वस्तू नव्हे, आठवण आहे. आठवणीचा कसला आलाय परिग्रह?

ही पळवाट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण ते मान्य करायला पुढचे दोन महिने लागले.

ह्यांनी तो कॉम्प्युटर १९९६ च्या सुरुवातीला घेतला. खडेबाजारच्या मागच्या बोळात एका खोलीत त्यांचं डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बस्तीच्या पंचकल्याणक पूजेची पत्रकं; मराठी, कानडी दोन्ही. पेजमेकरवर पान लावायचं, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि ती ऑफसेटवाल्याकडं पोचवायची. रॅम तेव्हा फार महाग. सुरुवातीला चार-चार मेगाबाइटच्या दोनच पट्ट्या बसवल्या. त्या मशीनला पट्ट्या जोडीनंच लागत, एकटी चालत नसे. त्याच वर्षात रॅमचे भाव कोसळले आणि वर्षाअखेरीला ह्यांनी दुसऱ्या दुकानातून आणखी एक जोडी स्वस्तात आणली. आनंदही झाला आणि चरफडलेही. "हे सोन्यासारखं नाही गं," म्हणाले, "सोनं थांबलं तर वाढतं, हे थांबलं तर विरघळतं." मी तेव्हा भाकरी थापत होते, लक्ष दिलं नाही. नंतर ते वाक्य मला फार दिवस पुरलं.

२००० साली हे गेले. खोलीचं भाडं थकायला लागलं तेव्हा सामान घरी आणलं. ह्यांच्या हाताखाली वडगावातली एक मुलगी काम करायची. वडील यंत्रमागावर विणकाम करणारे, घरात चार भावंडं. मुलगी हुशार, टायपिंगला वेगवान आणि शुद्धलेखनाला ह्यांच्यापेक्षा पक्की. महिनाभरानं ती मला भेटायला आली. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काकू, सरांचा कॉम्प्युटर मला हप्त्यानं द्याल का? पुढच्या खोलीत बसून काम करीन. गिऱ्हाइकं मला ओळखतात. दर महिन्याला पैसे आणून देईन."

मी म्हटलं, "नको गं. त्यांची आठवण आहे ती."

तिनं परत विचारलं नाही. चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेली. पुढं कुणीतरी सांगितलं, ती गणपत गल्लीत कापडाच्या दुकानात काउंटरला लागली. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट चार बायकांनी कौतुकच केलं: किती जीव होता बघा नवऱ्यावर!

आता २००८ चं सांगते. सासूबाईंना तेव्हा ब्याऐंशी पूर्ण झालेली. त्यांची एक वही होती. साठ वर्षांत जमलेली स्तोत्रं, आरत्या, पर्युषणात बायका म्हणतात ती पदं, काही त्यांच्या आईकडून ऐकलेली, काही गल्लीतल्या बायकांनीच रचलेली. अक्षर त्यांचंच, पण ते आता त्यांनाच दिसेना. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याला मोठं अक्षर तेवढं लागायचं. "दशलक्षणाच्या आत मला ही वही मोठ्या अक्षरात कर," त्या म्हणाल्या. "पाठ आहे म्हणता म्हणता मध्येच ओळ निसटते. दहा दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचं बरं दिसतंय होय?"

धाकट्या दिरांचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. घरात त्याचा कॉम्प्युटर होता आणि एक लेझर प्रिंटर. प्रिंटर दहा-बारा वर्षांचा जुना. एक कचेरी बंद झाली तेव्हा तिथल्या लिलावात त्यानं तो किरकोळीत घेतला होता. वजन असं की दोघांनी उचलावा. वही मी रात्री बसून टाइप केली. अक्षर अठ्ठावीस पॉइंटचं, वर प्रत्येक पानाला नक्षीची चौकट. सासूबाईंच्या वहीत ती पेन्सिलीनं काढलेली होती, ती कशी सोडायची?

पहिलं पान छापायला दिलं. प्रिंटर बराच वेळ घरघरला आणि कागद बाहेर आला. वरची पाच ओळींची चौकट छापलेली, खाली कोरं. मग दुसरा कागद आला, त्याच्यावर उरलेला तुकडा. प्रिंटरच्या छोट्या पट्टीवर इंग्रजीत अक्षरं उमटली: मेमरी भरली.

"पण तुझी इंग्रजी पत्रं तर फटाफट छापतोय की रे," मी म्हटलं.

पुतण्यानं समजावून सांगितलं ते मला इतकं आवडलं की इथं लिहिते. शाईचा प्रिंटर ओळीओळीनं छापतो. पुढची ओळ आली नाही तर थांबतो. लेझरला थांबता येत नाही. आतला ड्रम एकदा फिरू लागला आणि कागद निघाला की तो एकाच वेगानं शेवटपर्यंत जातो. म्हणून पान सुरू करण्याआधी सगळं पान त्याच्या आत तयार असावं लागतं. ए-फोर कागदावर इंचाला सहाशे ठिपके धरले तर एका पानाचे साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके होतात. नुसते काळे-पांढरे साठवायचे म्हटले तरी चार मेगाबाइटच्या वर जागा लागते. आमच्या प्रिंटरच्या पोटात होती दोन. इंग्रजीला तेवढी पुरते, कारण इंग्रजी अक्षरांचे साचे कारखान्यातूनच त्याच्यात भरलेले असतात. कॉम्प्युटरनं नुसतं सांगायचं, अमुक जागी 'ए' काढ. देवनागरीचे साचे त्याच्यात नाहीत. आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर त्याला चित्र म्हणून पाठवावं लागतं. अठ्ठावीस पॉइंटचा 'क्ष्मी' म्हणजे त्याच्या दृष्टीनं अक्षर नव्हे, रांगोळी. शिवाय चौकट.

"पहिल्यापासून असंच आहे काकू," तो म्हणाला. "१९८४ साली एचपीचा पहिला लेझरजेट आला त्यात फक्त १२८ किलोबाइट होते. पूर्ण पानभर बारीक ठिपक्यांचं चित्र त्याला छापताच यायचं नाही. पुढच्या वर्षी ॲपलचा लेझररायटर आला, त्यात दीड मेगाबाइट. मेमरी महाग, म्हणून कमीत कमी घालायची आणि वाढवायला आत रिकाम्या खाचा ठेवायच्या."

त्यानं प्रिंटरचं बाजूचं झाकण काढून दाखवलं. हिरव्या पाटीवर तीन रिकाम्या खाचा होत्या. बहात्तर पिनांच्या. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या पट्ट्या लांब, त्या बसेनात. बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, ह्या आता मिळत नाहीत, प्रिंटरच नवा घ्या. पुतण्या घरी आला, जिन्याकडं बघितलं आणि काहीच बोलला नाही. त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, त्या पट्ट्या कुठं आहेत.

मी म्हटलं, "त्याला हात लावायचा नाही."

त्या रात्री झोप आली नाही. माझ्याच घरातल्या दोन माणसांच्या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या होत्या: जिवंत सासूबाईंचं पान आणि गेलेल्या नवऱ्याचं यंत्र. दुसऱ्या दिवशी माताजींकडं गेले आणि यादीतून वगळलेली वस्तू सांगून टाकली. त्यांनी रागावणं तर सोडाच, उपदेशही केला नाही. विचारलं, "ते यंत्र चोरीला गेलं तर तुला काय होईल?"

मी म्हटलं, "छातीत धस्स होईल."

"आणि कुणाचं काम अडेल?"

"कुणाचंच नाही."

"मग त्या धस्स होण्याला कुठल्या रकान्यात घालशील ते बघ."

आपल्याकडं परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून केलेलीच नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेला परिग्रह म्हटलं आहे. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' ह्या भावनेत हरवून जाणं. म्हणून तर बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगून शास्त्र थांबत नाही, आतल्या परिग्रहाचे चौदा सांगतं. त्यांत क्रोध आहे, लोभ आहे, भय आहे आणि शोकही आहे. लहानपणापासून पाठशाळेत मी ते चौदा घडाघडा म्हणत आले. शोकसुद्धा परिग्रह होऊ शकतो हे तोंडानं शंभरदा म्हटलं असेल. पण शोकाला चादर घालून माडीवर ठेवता येतं आणि दर महिन्याला ती चादर धुता येते, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसरी बाजूही मी मनात मांडून पाहिली. वस्तू टाकून देणं म्हणजेच अपरिग्रह असेल, तर दरवर्षी नवी वस्तू घेऊन जुनी फेकणारी माणसं मोठी व्रती ठरतील. तसं नाही. शास्त्रानं अनर्थदंडही सांगितला आहे: प्रयोजन नसताना केलेली हिंसा. ज्या पट्टीचं आयुष्य उरलंय ती उकिरड्यावर टाकायची आणि तिच्या जागी दुसरी खाणीतून, भट्टीतून, रसायनातून घडवायला लावायची, हा अनर्थदंड नाही तर काय? आणि टाकलेलं जातं तरी कुठं? त्या पट्टीच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो. मुरादाबादला, दिल्लीच्या सीलमपूरला असल्या पाट्या तोडून, जाळून, आम्लात बुडवून धातू काढणारी माणसं आहेत. धूर त्यांच्या छातीत जातो, आम्ल नाल्यात. पृथ्वीकाय, अप्काय जीवांचा विचार करून पाणी गाळून पिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तेवढं तरी ध्यानात ठेवावं. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम देशात लागू झाले. ही गोष्ट त्याच्या आधीची. तेव्हा भंगारवाला हाच नियम होता.

म्हणजे ठेवलं तर मूर्च्छा, टाकलं तर हिंसा. मग करायचं काय?

आम्ही दोघांनी माडीवर जाऊन चादर काढली. उघडण्याआधी पुतण्या म्हणाला, "एकदा चालू करून बघूया, काकांचं काही असेल तर काढून घेऊ." यंत्र चालू झालं. आतली बॅटरी संपलेली, तारीख भलतीच दाखवत होतं, पण झालं चालू. आम्ही एकेक कप्पा बघत गेलो. लग्नपत्रिका. अहवाल. कुणाच्या वास्तुशांतीचं निमंत्रण. कुणाच्या श्रद्धांजलीचं पत्रक. शेकडो परक्यांची नावं आणि ह्यांचं असं एक अक्षर नाही. ना पत्र, ना टिपण. आठ वर्षं मी ज्याची चादर धूत होते, त्यात ते नव्हतेच. ते होते ते कामात, आणि ते काम पुढं नेणारी मुलगी माझ्या दारात उभी राहून परत गेली होती.

मी पुतण्याला म्हटलं, "काढ."

वीज बंद, वायर काढलेली. मी पुढं झाले तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही नको. नायलॉनची साडी आहे, अंगातल्या विजेनं चिप जाते. पावसाळ्यात हवा ओली असते म्हणून भीती कमी, तरी नको." रेशीम मी हिंसेपोटी सोडलं, नायलॉन असं आडवं आलं. त्यानं आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या. पट्टी आपसूक कलली. अशा चार निघाल्या. बेळगावच्या आठ पावसाळ्यांनी दात काळवंडले होते. साध्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्यावर परत सोनेरी झाले.

पहिल्या जोडीतल्या दोन प्रिंटरच्या खाचांत तिरक्या घालून उभ्या केल्या. टक्‌ आवाज आला. प्रिंटर चालू करून त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या माहितीचं पान छापून घेतलं. मेमरी: दहा मेगाबाइट. मग वहीचं पहिलं पान दिलं. ते आलं. चौकट चारी बाजूंनी पुरी, अक्षर काळंभोर. सासूबाईंनी ते हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं आणि ओळीवर बोट न ठेवता वाचू लागल्या. दोन ओळी झाल्यावर म्हणाल्या, "काय बघत बसलायसा? बाकीची काढा की."

गोष्ट इथं संपवली असती तर मी फार शहाणी ठरले असते. पण तिसरी खाच रिकामी होती.

पुतण्या म्हणाला, "अजून दोन पट्ट्या आहेत, एक घालूया?" आणि मीच म्हटलं, "घाल की, कशाला वाया घालवायची?" काम पुरं झालेलं होतं. दहा मेगाबाइटात सगळी वही छापून झाली असती. पण रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते आणि त्या वाटण्याला आपण 'वाया जाऊ नये' असं गोड नाव देतो.

तिसरी पट्टी, स्वस्तातल्या जोडीतली, घातली. प्रिंटर म्हणाला, दहा. पट्टी खाचेत होती, पण त्याच्या लेखी नव्हती. पुतण्यानं कारण शोधून काढलं. ह्या पट्ट्यांच्या बहात्तर दातांपैकी सदुसष्ट ते सत्तर हे चार दात पट्टीची ओळख सांगतात: मी एवढी मोठी, माझा वेग इतका. कॉम्प्युटर चालू होताना मेमरी स्वतःच तपासून घेतो, त्याला ओळखीची गरज पडत नाही. म्हणून स्वस्त पट्ट्या करणारे ते चार दात नुसते दाखवायला ठेवत, आत जोडतच नसत. प्रिंटर मात्र तपासत बसत नाही; पट्टी सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. जी काहीच सांगत नाही, ती नाहीच असं धरतो. "बारीक तारेचा टाका दिला की बोलेल," तो म्हणाला आणि कैया तापवायला घातला.

हात नवशिका होता. टाका पसरला, शेजारच्या दाताला चिकटला. तो सोडवताना पाटीवरची तांब्याची रेघच उचकटून आली. पट्टी गेली. सकाळपर्यंत ह्यांच्या यंत्रात बिनतक्रार चालणारी वस्तू, गरज नसताना, आम्ही दोघांनी मिळून मारली. मुलगा कावराबावरा झाला. मी त्याला म्हटलं, "तुझी चूक हाताची, माझी मनाची." ती पट्टी मी देव्हाऱ्याच्या खणात नाही, माझ्या चष्म्याच्या डब्यात ठेवली आहे. रोज दिसते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला कळल्यासारखी वाटते. संग्रह करणारा आणि पुनर्वापर करणारा, दोघांच्याही तोंडी एकच वाक्य असतं: 'कधीतरी उपयोगी पडेल.' फरक वाक्यात नाही. तो एका प्रश्नात आहे: कुणाला आणि कधी? सासूबाईंना, दशलक्षणाच्या आत, असं उत्तर होतं तोवर त्या दोन पट्ट्या उपकरण होत्या. उत्तर 'खाच रिकामी आहे म्हणून' असं झालं त्या क्षणी तिसरी पट्टी परिग्रह झाली. बाहेर पडून, वापरात येऊनसुद्धा झाली. पुनर्वापरालाही मूर्च्छा लागू शकते.

आणि 'कधी' हा भाग तर आपण विसरतोच. आपली जुनी नीती सोन्याची, जमिनीची, धान्याची आहे. सोनं पन्नास वर्षांनी दान केलं तरी सोनंच. यंत्राचं तसं नाही. २००० साली त्या कॉम्प्युटरवर एका घराची चूल पेटली असती. २००८ साली त्यातून एका म्हातारीची वही निघाली. आज विचाराल तर त्यातून काहीही निघणार नाही. वस्तू तीच, पण दान करायची वेळ मी माडीवर कोंडून संपवली. दिगंबर मुनींजवळ पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढंच असतं, आणि पिच्छीसुद्धा चातुर्मास संपला की बदलतात. जुनी पिच्छी व्रत घेणाऱ्या श्रावकाच्या हाती देतात. लहानपणापासून तो सोहळा मी गर्दीत टाचा उंचावून पाहिला आहे. पिसं झडून निकामी होण्याआधी ती दिली जाते, इकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मऊपणा शिल्लक असतो तोवर सोडायची.

त्या वर्षी दशलक्षणात सासूबाई दहाही दिवस बस्तीत बसल्या, मांडीवर मोठ्या अक्षरांची पानं घेऊन. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी व्रत घेतलं. यादीत कॉम्प्युटर लिहिला आणि खोडला. पेले मात्र चोवीस ठेवले. तेवढी मूर्च्छा माताजींनी हसून चालवून घेतली.

क्षमावाणीला आम्ही एकमेकांकडं जातो, हात जोडतो, वर्षभराची क्षमा मागतो. सगळ्यांकडं जाणं सोपं असतं, कारण बहुतेकांचा आपण काही अपराध केलेला नसतो. जिचा केला तिच्याकडं जायला मला आठ वर्षं लागली. वडगावात तिचं घर शोधलं. दुकानातून नुकतीच आली होती. दोन मुलं अभ्यासाला बसली होती, शेजारच्या मागाचा खडखड आवाज येत होता. मी म्हटलं, "त्या वेळी तू कॉम्प्युटर मागितलास, मी दिला नाही. चुकलं माझं. क्षमा कर."

तिनं 'असू दे हो काकू' म्हणावं अशी माझी आतून इच्छा होती. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मिळाला असता तर झालं असतं काकू. पत्रिकांचा हंगाम तोंडावर होता. तीन गिऱ्हाइकांना मी शब्द दिला होता." आवाजात राग नव्हता. हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं. क्षमा केली की नाही ते बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. क्षमा मागणं माझ्या हातात होतं, देणं तिच्या.

मी सासूबाईंच्या पानांची एक प्रत तिच्यासाठी नेली होती. तिनं ती उलटली. तिसऱ्या पानावर थांबली, जवळ धरली.

"काकू, हे कुणी लावलंय?"

"मीच."

"इथं वेलांटी चुकलीय. इथं पण. आणि चौकटीच्या आत अक्षर फार चिकटलंय, सर असं कधी ठेवायचे नाहीत." तिनं मुलाची पेन्सिल घेतली आणि कडेला खुणा करत गेली, पूर्वीसारख्याच बारीक, तिरक्या. अकरा पानांत चौदा चुका निघाल्या.

"रविवारी येशील?" मी विचारलं. "पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसून सगळं नीट लावून दे. आणखी बायका प्रती मागतायत. पण पानाचा दर आधी सांग."

तिनं दर सांगितला. जरा जास्तच होता. मी कमी करून मागितला नाही.